गोळीतला कॅमेरा

दिव्यानीचे बाबा,

मी नागपूरले चालली. आतड्यातून रक्त कुठून जाते ते पाहाले आज मले कॅमेऱ्याची गोळी गिळाची आहे. आतडं साफ कराले काल दिवसभर उपाशी राहून पावडरचं दोन लिटर पाणी प्याचं होतं. तुमाले माहीत होतं, तरी कालच तुमी चार दोस्त मटन खाले बोलावले. मी रस्सा वाढत होती अन् मधामधात संडासले पळत होती. "हिचं नेहमीचंच नाटक आहे," म्हणून तुमी हासले. दोन वर्षं अंगातलं रक्त कमी होऊन राह्यलं, तेबी नाटकच का?

दिव्यानीचा डबा भरून ठेवला. तिले शाळेत सोडा.

तुमची आई माह्यासंगं येऊन राह्यल्या. "प्रफुलले उठवू नको, मीच येतो," असं त्यायनंच म्हटलं.

नीलिमा