हरिश्चंद्र, चौथा मजला

३ जुलै १९९७, गुरुवार
आजपासून वही. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. ठेवायची जागा रद्दीच्या गठ्ठ्यात, तळाशी. तिथे कोण बघतंय?

कारखान्यातल्या रक्तदान शिबिरानंतर ब्लड बँकेने बोलावून घेतलं, दोनदा तपासलं आणि म्हणे एचआयव्ही. लॅबची चूक. भाईंदरला पंधरा वर्षं स्टीलच्या वाट्या पास-रिजेक्ट करतोय, चुका कशा होतात ते मला विचारा. चूक नसेल तर न्हाव्याचा वस्तरा. सुरतच्या त्या दोन खेपा मी धरत नाही.

मीरा रोडला एका ट्रस्टचं सेंटर आहे, तिकडे पाठवलं. गुरुवारी पुरुष, मंगळवारी बायका. गेलो, पण पेशंट म्हणून नाही. तिथल्या ममता मॅडम स्वतःच म्हणाल्या की पुरुष दोनदा येतात आणि गळतात. मग यांचा प्रोग्राम चालतोय की नुसता पंखा? कोणीतरी तपासायला नको? मी तपासणार. दहा गुरुवार. ४ सप्टेंबरला रिपोर्ट त्यांच्या टेबलावर.

फॉर्मवर नाव लिहिलं हरिश्चंद्र. पत्ता शांती नगर, पलीकडच्या सेक्टरमधली एक बिल्डिंग, चौथा मजला. तपासणाऱ्याने ओळख द्यायची नसते.

मॅडम म्हणाल्या, बायकोला घेऊन या, तिची टेस्ट लवकर झाली पाहिजे. आणतो म्हटलं. आधी मूल्यमापन पूर्ण होऊ दे. तोवर अनसूयाला काही सांगायचं नाही. उगाच घाबरेल.

१० जुलै, गुरुवार
बाक: एक पाय आखूड. चहा: गढूळ. भिंतीवरचा तक्ता: तिरका. एकूण रिजेक्ट.

माणसं बघवत नाहीत. एक सारखा खाजवतोय, एक तोंडावर रुमाल धरून रडतोय. राघो म्हणून एक रिक्षावाला आहे, त्याने सरकून बाकावर जागा केली आणि अर्धं बिस्कीट पुढे केलं. शी. मी उभाच राहिलो. घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

टेस्ट खराब निघाली तरच इथे पिवळं कार्ड देतात. चांगली निघाली तर कार्ड नाही, सरळ घरी. मलाही दिलंय. घेतलं, पुरावा म्हणून. गोळ्या दिल्या त्या सॅम्पल म्हणून कपाटात.

१३ जुलै, रविवार
रद्दीवाला येऊन गेला. अनसूयाने अख्खा गठ्ठा दिला. पण ही वही तिने बाजूला काढून टेबलावर ठेवली होती. म्हणाली, तुमच्या कामाची दिसते. नशीब, तिला कारखान्याच्या कागदांत कधीच रस नव्हता. दिवसभर गप्प होती. डोकं दुखत असेल.

१७ जुलै, गुरुवार
यांची मोठी शक्कल आज कळली. दोन गुरुवार चुकले की मंदाबाई घरी येते. जवळच्या तारोडी गावची बाई. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली, म्हणजे शेजाऱ्यांना संशय नको. दारात हळूच विचारणार, भाऊ, का न्हाय आलात?

ठरलं. मी मुद्दाम गुरुवार चुकवणार. बघू या, पोचते का. खरी परीक्षा हीच.

खोकल्यासाठी मॅडमनी थुंकी तपासायला डबी दिली. किळसवाणा प्रकार. डबी तिथेच विसरून आलो.

२२ जुलै, मंगळवार
अनसूयाने भजनी मंडळ धरलंय. दर मंगळवारी दुपारी. आजवर हिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही. डोळे सुजलेले घेऊन येते. कसलं भजन म्हणतात कोण जाणे.

२५ जुलै, शुक्रवार
काल पहिला गुरुवार चुकवला. छान वाटलं.

रात्री ताटात सुके बोंबील. घरभर वास. कुठून आणले विचारलं तर म्हणे, ओळखीची एक बाई देते. म्हटलं, तुझ्या ओळखी वाढल्यात हल्ली.

३१ जुलै, गुरुवार
दुसरा चुकवला. आता मंदाबाई कधीही येईल. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. आली की चार खडे बोल सुनवायचे, मग मार्क द्यायचे.

९ ऑगस्ट, शनिवार
कोणी नाही. त्यात श्रावण लागलाय. श्रावणात दारोदार बोंबील विकणारी बाई दिसली तर अख्खी सोसायटी संशय घेईल. एवढी साधी अक्कल नाही या लोकांना. दोन मार्क कापले.

बेल्टला नवीन भोक पाडलं. चामडं सैल पडतं पावसात.

२१ ऑगस्ट, गुरुवार
कोणी नाही. ताप अंगात मुरलाय, घामाने उशी भिजते, कारखान्यात वाटी हातातून पडते. सुपरवायझरने स्टुलावर बसवलं. आणि यांना माणसाची फिकीर आहे? माणूस घरात मरून पडला तरी यांना पत्ता लागायचा नाही. वीट आलाय. फॉलोअप: शून्य.

अनसूया मऊ भात करून समोर बसून राहते. आज विचारत होती, काही सांगायचंय का. म्हटलं, मीठ कमी आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार
रिपोर्ट पूर्ण. सहा पानं. निष्कर्ष: या सेंटरला माणूस धरून ठेवता येत नाही. पुढच्या गुरुवारी तोंडावर मारणार. अनसूयाला त्यानंतर सांगू. किंवा गणपती झाले की.

४ सप्टेंबर, गुरुवार
गेलो. रिक्षातून उतरून दारापर्यंत जाताना दोनदा बसावं लागलं. रिपोर्ट मॅडमच्या टेबलावर आपटला. विचारलं, सहा गुरुवार माणूस आला नाही, तुमची मंदाबाई झोपली होती?

मंदाबाई तिथेच उभी. म्हणे, चार येळा चढले भाऊ. श्रावणात टोपलीत अळूची पानं घेऊन चढले. त्या बिल्डिंगीला चवथा माळाच न्हाय. तिसऱ्याच्या वर गच्ची हाय, पान्याच्या टाकीला इचारू का, हरिश्चंद्र कुठं हाय म्हणून?

उत्तर तयार होतं माझ्याकडे. पण बाकाकडे नजर गेली. राघोच्या शेजारी अनसूया बसली होती. मांडीवर डबा.

तू इथे कशी, विचारलं. म्हणे, रद्दी देताना वही वाचली. आजची तारीखही त्यातच होती. भजनी मंडळ वगैरे काही नाही, दर मंगळवारी इथेच येते. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, विचारलं होतं, तुम्ही मीठ कमी आहे म्हणालात. आणि तुमचं मूल्यमापन चालू होतं. म्हटलं, पूर्ण होऊ दे.

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिच्या टेस्टचं विचारायचं राहिलं होतं. तिने पर्स उघडून पिवळं कार्ड हातात दिलं. नाव खरं. पत्ता खरा. तिसरा मजला. आठ मंगळवार, एकही खाडा नाही.

मला माझी शिसारी आली. राघो सरकला. या वेळी बसलो.

थुंकीची डबी मागून घेतली. मॅडमनी नवीन फॉर्म दिला. नाव शशिकांत. मजला तिसरा. न्हाव्याचं काही लिहिलं नाही. सुरतच्या खेपा दोन नव्हत्या, सात होत्या. सगळ्या धरल्या. अनसूया शेजारी बसून वाचत होती.