जुन्या फौजी ट्रकला केबिनमधून हवा

१ मार्च, रवि.
शिळ रोडच्या शेडवर गेले. बाबा आधीच बॉनेटमध्ये डोकं घालून. आमच्या पूर-बचाव मंडळाने हा ट्रक आर्मीच्या लिलावातून घेतला तेव्हापासून तेच ड्रायव्हर. फौजेत हेच मॉडेल चालवलेलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.
आज सगळ्यांसमोर बोलून टाकलं. चारही टायरची हवा केबिनमध्ये बसून कमी-जास्त करता येईल असं करून देते. चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो, रुतत नाही. डांबरावर आलं की परत भरायची. लष्कराच्या नव्या ट्रकना असतं, मग आमच्या म्हाताऱ्याला का नको?
शैलेशदादा मंडळाचा अध्यक्ष, तो लगेच तयार. बाबा: "हवा सोडायला माझी बोटं आहेत की."
गेल्या पावसाळ्यात खाडीच्या बांधावर रुतलो तेव्हाही बोटं होती. पण चाकं पाण्याखाली, व्हॉल्व कुठे सापडणार? ज्या आजींना आणायला निघालो होतो त्यांना शेवटी मंडळाच्या पोरांनी खाटेवर घालून, छातीभर पाण्यातून आणलं. हे मी बोलले नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि परत डोकं बॉनेटमध्ये.

८ मार्च, रवि.
महिला दिनाचा गुलाब कंपनीत कालच मिळाला. आज हाताला ग्रीस.
लष्करात ही हवा अ‍ॅक्सलच्या आतून नेतात. आमच्या जुन्या अ‍ॅक्सलला भोक पाडायचं म्हणजे जुगार. मी बाहेरून नेणार. मडगार्डवरून पाइप खाली, चाकाच्या बरोबर मध्यावर फिरता जोड, तिथून टायरच्या व्हॉल्वला. चाक फिरेल, पाइप जागच्या जागी. इतकी वर्षं एमआयडीसीत लोकांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतेय, हवा कुठून पळते ते मला कळतं.
बाबा: "बाहेरचा पाइप झुडपात अडकून तुटेल."
बरोबर आहे. लोखंडी पट्टीचं कवच करायला हवं. बरोबर आहे हे त्यांना सांगितलं नाही.

२२ मार्च, रवि.
हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरमधून घेणार हे कळल्यावर बाबा जाम भडकले. "ब्रेकची हवा चोरणार? उतारावर गाडी कोण थांबवणार, तू?"
मध्ये एक व्हॉल्व टाकलाय. आधी ब्रेकची टाकी पूर्ण भरते, मगच टायरकडे हवा जाते. टाकी उतरली की टायरची लाइन आपोआप बंद. मुद्दाम एका टायरची नळी काढून दाखवली. फुस्स. ब्रेकच्या टाकीचा काटा थोडा खाली आला आणि थांबला. बाबांनी पुन्हा पुन्हा पेडल दाबून बघितलं. ब्रेक लागत होते.
"ठीक आहे," बोलले.
आमच्याकडे ठीक आहे म्हणजे बिल्ला मिळाल्यासारखं.

५ एप्रिल, रवि.
लेथवरून जोड आले. चाक जॅकवर उचलून फिरवलं, संतोष साबणाचं पाणी टाकतोय. बुडबुडेच बुडबुडे. नवरा म्हणून त्याने धीर द्यायला हवा होता, जाऊ दे. उलट म्हणतो, "मस्त फेस येतोय."
सील बदलायचं. धूळ आत जाऊ नये म्हणून वर आणखी एक रबराची कड.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. आमच्या कोपर गावात मिरवणूक, पांढरी साडी, नखांत काळं तसंच. कमिटीवाले: "जय भीम ताई, ट्रक सजवून आणला असता की!" चाकं उतरवलीत, सांगितलं.
बाबांचे फौजेतले दोस्त भेटले. नेहमी माझी ओळख "मुलगी, कंपनीत आहे" एवढीच. आज बाबा बोलले, "ही मनीषा. ट्रकचं काम हिचं." मग पाइप कुठून कुठे जातो ते दोस्ताच्या हातावर बोट फिरवून समजावत बसले. मध्ये एक चूक केली. मी दुरुस्त केली नाही. ऐकत राहिले.

१ मे, शुक्र.
सुट्टी, म्हणून ट्रायल. ओहोटीला खाडीकाठचा चिखल. गावातली माणसं बघायला.
सुरुवातीला काय गेला! मला वाटलं अजून हवा कमी केली तर अजून छान जाईल. केली. बाबांनी वळवलं आणि मागच्या डाव्या चाकातून मोठा आवाज. टायर रिमवर घसरला, ट्यूबचा व्हॉल्व मुळापासून उपटला. पुन्हा त्याच चिखलात, पुन्हा सगळ्यांसमोर. ट्रॅक्टरने ओढून काढलं.
कोपरला उतरताना बाबांनी विचारलं, "कुठे चुकलं ते कळलं का?"
"कळलं."
"मग झालं."
आज बुद्धपौर्णिमा. आईने खीर केलेली. दोन वाट्या खाल्ल्या.

१० मे, रवि.
रिमच्या आत टायर दाबून धरणारी कडी, चारही चाकांना. केबिनमधल्या पॅनलला अडथळा बसवला, ठरलेल्या हवेच्या खाली जाताच येणार नाही. मीही नाही. टायर आणि रिमवर मिळून एक पांढरी रेघ मारली. घसरला तर रेघ तुटलेली दिसेल.

१७ मे, रवि.
गेला!!
बाबा स्टिअरिंगवर, मी पॅनलवर. "मने, सोड." चारही चाकांतून एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज. टायर पसरले. पहिला गिअर, बांध उतरलो, जिथे फसलो होतो तिथूनच वळवला, मुद्दाम. मग रिव्हर्समध्ये. मग उगाच अजून एकदा. बाबा हसत होते, दात दिसेपर्यंत.
काठावरची एक आगरी मावशी ओरडली, "आता नाय रुतायची गो तुजी गारी!"
रस्त्यावर येऊन हवा भरायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळ्यांचा चहा झाला. खाली वाकून रेघा बघितल्या. चारही सरळ.
मी केलं हे. मी.

२४ मे, रवि.
बाबांच्या डोळ्यांची तपासणी. जड वाहन आता नको, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शेडवर आल्यावर शैलेशदादा हळूच, "काका, आपण ठेवू एखादा ड्रायव्हर."
बाबा: "ड्रायव्हर आहे." आणि माझ्याकडे बोट.
मी फक्त कार चालवते! संतोषला फोन केला, वाटलं तो तरी नको म्हणेल. तो: "कल्याणला आरटीओत कधी जायचं?"

३१ मे, रवि.
जड वाहनाचं लर्निंग लायसन्स हातात आहे. पक्क्या परीक्षेला अजून वेळ. तोवर पाणी चढलं तर शैलेशदादाने शोधलेला माणूस ट्रक नेणार. चांगला आहे, पण चिखल कधी बघितलेला नाही.
शेडच्या मैदानात फेऱ्या मारल्या. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रल. गिअर असा ओरडला की बाबांनी कानावर हात ठेवले. "दात मोजतेस का त्याचे?" पुढच्या फेरीला गपचूप पडला. बाबा काच खाली करून बाहेर बघत बसले, कोपर खिडकीवर टाकून, साहेबासारखे.
क्लच दाबून डावा पाय लिहितानाही दुखतोय. संतोष विचारतो, पाऊस आधी की परीक्षा आधी. मला कुठे माहीत. परीक्षा आधी झाली तर या वर्षी बांधावर ट्रक मीच नेणार.