पहिल्या रांगेतला नॉर्मल

३ फेब्रुवारी
लॅबमधला विकतचा नॉर्मल नमुना संपला. प्रत्येक जेलवर, म्हणजे करंट सोडून प्रथिनांच्या पट्ट्या पाडायच्या त्या मऊ थरावर, पहिल्या रांगेत तो लावायचा आणि पेशंटच्या रक्तातली प्रथिनं त्याच्याशी ताडून बघायची, अशी पद्धत. नवी बाटली यायला महिना. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, तोवर कुणातरी निरोगी माणसाचं रक्त वापरू. मी लगेच बाही वर केली. बावीस वर्षांत एक सिक लीव्ह नाही. माझा ज्युनिअर, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तोही पुढे सरसावला होता. पण त्याला बारा महिने सर्दी.
नळीवर स्वतःच्या हातानं लिहिलं : नॉर्मल. घरी सांगितलं. बायकोनं विचारलं, हे कुणी ठरवलं?
संकल्प : मुख्य तंत्रज्ञाची जागा २८ तारखेला ठरणार. त्याआधी एक शोध लावणे. पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, आपलं नाव आलंच पाहिजे. शिवाय रोज सकाळी चालणे.

४ फेब्रुवारी
चालणं उद्यापासून.

५ फेब्रुवारी, दुपारी ४
बफर, म्हणजे जेलसाठीचं खारं द्रावण, माझ्या पद्धतीनं केला. मीठ जरा कमी, करंट अर्धा तास जास्त. अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाची एकच जाड पट्टी दिसते असं जग समजतं. माझ्या नमुन्यात दोन! स्वच्छ, शेजारी शेजारी. म्हणजे त्या मुळात दोनच असणार, आजवर कुणाला वेगळ्या करता आल्या नाहीत इतकंच. शेवटी त्याला कसबी हात लागतो.
त्याच जेलवर कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा नमुना होता. त्याची एकच पट्टी. बिचारा.

८ फेब्रुवारी
आणखी सहा पेशंट. सहाही एकपट्टी. चष्मा म्हणाला, सर, पुस्तकात एकच पट्टी दिलीये. म्हटलं, पुस्तक जुनं आहे. मग म्हणाला, माझं रक्त लावून बघू का? संशोधनात स्वतःला मध्ये आणायचं नसतं, असं त्याला बजावलं.

११ फेब्रुवारी
चौदापैकी चौदा. हा आनुवंशिक बदल आहे. या भागातले सगळे लोक एकमेकांचे लांबचे नातलग असावेत. नव्या प्रकाराला बहुतेक वेळा तो सापडला त्या जागेचं नाव देतात. मी आमच्या गल्लीचं सुचवणार.

१२ फेब्रुवारी
बेकरीवाल्याला फोन केला. खरं तर मॅडमच्या सहीशिवाय पेशंटशी बोलायचं नसतं, पण सहीसाठी शोध थांबत नाही. त्यानं विचारलं, साहेब, धोका आहे का? म्हटलं, आत्ताच काही सांगता येत नाही. तासाभरात दुकान बंद करून बायको आणि तीन मुलांना घेऊन आला. पाचही जण एकपट्टी. त्याची बायको रडायला लागली. मी धीर दिला की तुमच्या कुटुंबाचा उल्लेख नक्की करू.

१५ फेब्रुवारी
बेकरी अजून बंदच. ब्रेड लांबून आणावा लागला, त्यावरून घरी विषय निघाला. बायकोनं विचारलं, म्हणजे सगळं जग चुकीचं आणि तुम्ही तेवढे बरोबर? म्हटलं, विज्ञानात असं होतं कधीकधी. ती म्हणाली, विज्ञानातलं माहीत नाही, आपल्या घरात पंचवीस वर्षं हेच चाललंय.
चालणं झालं नाही. पायात गोळा.

१९ फेब्रुवारी
मॅडमना सगळं दाखवलं. तेवीसपैकी तेवीस. त्या बराच वेळ जेलकडे बघत बसल्या. भारावल्या असाव्यात. मग त्यांनी विचारलं, पहिल्या रांगेत कोण आहे? मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी तिथंच स्वतःचं रक्त काढायला लावलं, चष्म्याचं आणि शिपायाचंही. उद्या जुन्या बफरवर लावायचं म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
मॅडम : एक. चष्मा : एक. शिपाई : एक.
मी : दोन.
यंत्र तपासून घ्यायला हवं.

२१ फेब्रुवारी
यंत्र ठीक आहे.
चष्म्यानं जुन्या पुस्तकाचं पान उघडून समोर ठेवलं. हुबेहूब माझ्या पट्ट्यांसारखा फोटो. जन्मजात, दुर्मिळ, निरुपद्रवी. लोकांना कधीपासून माहीत आहे. मॅडम फोनबद्दल इतक्या चिडल्या की त्यांचा आवाज चढलाच नाही, उलट खाली गेला. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता जा आणि त्या माणसाला समोरासमोर सांगा.
गेलो. बेकरीचं शटर अर्धं ओढलेलं. सांगितलं की तुम्ही सगळे ठणठणीत आहात, वेगळा मी आहे. नऊ दिवस त्याला झोप नव्हती. मला वाटलं, आता मार खातोय. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, साहेब, तुम्हाला तर काही धोका नाही ना?
मला फार लाज वाटली. हे इथं लिहून ठेवतो, घरी सांगणार नाही.

२८ फेब्रुवारी
जागा चष्म्याला मिळाली. नॉर्मल म्हणून आता बेकरीवाल्याचं रक्त वापरतात. तो आनंदानं देतो आणि येताना पाव आणतो.
मात्र पेपर होणार आहे! चष्मा लिहितोय, आणि विषय सबंध मीच. फोटो माझा, म्हणजे माझ्या पट्ट्यांचा. पहिल्या ओळीत ‘निरोगी पुरुष, वय ४९’. मॅडमना भेटून म्हटलं, निदान तिथं तरी नाव घाला. त्या म्हणाल्या, शक्य नाही, पेशंटची ओळख गुप्त ठेवावी लागते.
संमतीपत्रावर सही करून आलो.