दोन इंचांची काडतुसे

प्रिय गॉडफ्री,

परवा शिकारीच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, मी तुझ्या हातातली बंदूक काढून घेतली आणि तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. नको उचलूस. फोनवर तू मधेच “बरं बरं, टेव्ही” म्हणून बहिणीचे बोलणे संपवतोस. कागदावर तुला ती सोय नाही. माझी सारी नोकरी मुलींना पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली, पण तुझ्याइतकी न ऐकणारी विद्यार्थिनी मला भेटली नाही.

घोड्यावरून पडून तुझ्या खांद्याचे हाड मोडले, डॉक्टरांनी बाबांची जड दुनळी बंदूक बंद केली, आणि मागचा अख्खा हंगाम तू घरात बसून कुत्र्यावर खेकसत काढलास. म्हणून मी बर्मिंगहॅमच्या दुकानातून ती हलकी बंदूक शोधून आणली. तू ती हातात तोललीस आणि म्हणालास, “ही तर बायकांची. फेझंट मरेल, की त्याला नुसत्या गुदगुल्या होतील?”

आता शांतपणे ऐक. बाबांची बंदूक साडेसहा पौंडांची. दिवसभर हाकाऱ्यांनी उठवलेल्या फेझंट पक्ष्यांवर ती उचलायची, तर चहाच्या वेळेपर्यंत हात शिशाचे होतात, आणि दमलेल्या हाताचा बार पक्ष्याच्या मागून जातो. वय झालेल्यांना, दुखऱ्या खांद्यांच्या लोकांना आणि हो, बायकांनाही हलकी बंदूक हवी होती. पण नुसते वजन उतरवून भागत नाही. छर्रे पुढे जाताना बंदुकीला मागे ढकलतात; बंदूक जितकी हलकी, तितका खांद्याला दणका मोठा. तेव्हा कारागिरांनी छर्रे कमी केले, आणि त्यांच्या बेताने दारूही. मग कमी माल भरायला लांब काडतूस कशाला? ते दोन इंचांवर आणले, आणि नळीच्या बुडाशी ते बसते ते घरही तेवढेच आखूड ठेवले. नळ्या सडपातळ झाल्या, वजन साडेपाच पौंडांवर आले. यातली खरी गंमत पुढेच आहे. नळीची रुंदी मात्र त्यांनी बारा बोअरचीच, म्हणजे बाबांच्या बंदुकीएवढीच, राखली. अरुंद नळीत छऱ्यांचा उंच खांब उभा राहतो. रुंद नळीत तेवढेच छर्रे ठेंगण्या चकतीसारखे बसतात, एकमेकांना कमी रगडतात आणि जास्त सारखे पसरतात. मी तुझ्याच कुरणात कागद टांगून त्यावर बार काढून पाहिले. छऱ्यांच्या भोकांनी इतके सुरेख भरले होते ते कागद, की मी एकटीच उभी राहून हसले.

आणि परवा तू काय केलेस? निम्मी काडतुसे मोटारीत विसरलास. शेजारी उभ्या कर्नल हार्बिनने मूठभर पुढे केली, “घे रे, आपल्यात काय.” शेजाऱ्याचे काडतूस नाकारणे म्हणजे त्याचा हात झिडकारणे, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. पण ती अडीच इंचांची होती! भरलेल्या काडतुसाचे तोंड घडी घालून मिटलेले असते, म्हणून ते दिसायला आखूड असते. बार उडाला की घडी उलगडते, आणि तेव्हाची लांबी म्हणजे त्याची खरी लांबी. आखूड घरात त्या घडीला उलगडायला जागा नसते. ती नळीच्या गळ्यातच अडते आणि मागे दाब चढतो, तोही जास्त दारूचा, तोही पातळ नळीत. ती फुटली, तर तिच्याखाली तुझा डावा हात असतो. तू अंगठ्याने काडतूस आत दाबलेस, बंदूक मिटलीस आणि म्हणालास, “बसलं की.” मी बंदूक ओढून घेतली, तशी सगळी रांग कुंपणाकडे पाहू लागली. हार्बिन म्हणाला, “गॉडफ्री, बाईसाहेब तुझं पाकीटही अशाच तपासतात का?” सगळ्यांत मोठ्याने तूच हसलास.

काल चर्चनंतर लायनेल क्रॉफ्टन मला फाटकापर्यंत सोडायला आला. शिकार त्याच्या रानात, निमंत्रणेही त्याचीच. आधी तो डेलियाच्या फुलांविषयी बोलला, मग माझ्याकडे न बघता त्याने विचारले, “नाताळानंतर गॉडफ्रीला बोलवावं का? तुम्ही म्हणाल तसं करतो.” इथे हे कसे चालते ते तू जाणतोस. ज्याच्या हाती बंदूक धोक्याची, त्याला कोणी बोल लावत नाही. फक्त निमंत्रण येणे थांबते. ॲम्ब्रोझकाकांचे असेच थांबले, ते मरेपर्यंत टपालवाल्याला दोष देत राहिले, आणि त्यांना खरे सांगायची आपल्यापैकी कोणाची छाती झाली नाही. मला येत्या रविवारी उत्तर द्यायचे आहे. ‘हो’ म्हणावे म्हणून माझा जीव तुटतो आहे, पण तुझा हात जाण्यापेक्षा तुझी जागा गेलेली मला चालेल, आणि हे तुला दुसरे कोणीही सांगणार नाही. हार्बिनची उरलेली काडतुसे अजून तुझ्या कोटाच्या खिशात असतील. ती स्वतः त्याच्या घरी नेऊन दे, आणि का परत करतो आहेस ते तुझ्या तोंडाने त्याला नीट समजावून सांग. तो खूप हसेल. हसू दे. तू समजावून गेलास एवढे त्याच्याकडून मला कळले, की मी रविवारची वाट न पाहता ‘हो’ सांगायला लायनेलच्या घरी चालत जाईन.

तुझीच, पार वैतागलेली,
टेव्ही