आत्याच्या अंगठ्याबद्दल तक्रार

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. उजवा पाय आता भिंत धरून चालतो असं कळलं, फार बरं वाटलं. डावा हात पहिल्यापासूनच आगाऊ, तो म्हणे चमचा धरायला शिकला. उजव्या हाताची खुशाली विचारत नाही, कारण हे सगळं पत्र त्याच्याच विरुद्ध आहे. तुझ्या जिभेला काही झालेलं नाही असं डॉक्टर सांगतात, तरी फोनवर तू 'हं'च्या पुढे सरकत नाहीस, म्हणून लिहिते आहे. बाबा तुला वाचून दाखवतील. (बाबा, कंसातलं मनातल्या मनात वाचा. तुम्हाला जमणार नाही, पण सांगायचं काम माझं.)

अर्धांगाचा झटका येऊन तू आई-बाबांकडे राहायला गेल्यापासून तुझा मातीकामाचा वर्ग मी घेते, हे तुला ठाऊक आहेच. खोली तू सोडलीस तशीच आहे: लांब टेबल, तुंबणारं बेसिन, मातीचा पत्र्याचा डबा, आणि एक पाय आखूड असलेलं तुझं स्टूल. दुसरीची पोरं म्हणजे काय विचारू नकोस. हत्ती करा म्हटलं तर एकीनं बटाटा करून आणला. सोंड कुठे, विचारलं तर म्हणाली, "बाई, तो झोपलाय, सोंड पोटाखाली आहे." पहिल्या दिवशी तास संपताना सगळ्यांनी आपापल्या वस्तू उलट्या करून माझ्यापुढे धरल्या आणि चिडीचूप उभी राहिली. (मला वाटलं, शाळेची काही कवायत असेल. मीही ताठ उभी राहिले.) शेवटी बटाटेवाली म्हणाली, "मोठ्या बाई खाली अंगठा दाबतात. मगच ते आपलं होतं." मी म्हटलं, आता नव्या बाई आल्यात, नवी पद्धत, खाली काडीनं नाव कोरा. त्यांनी कोरलं, पण एकेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर वस्तू वाळून खडखडीत झाल्या होत्या. मी हत्ती उचलून खाली पाहिलं, तर नावाच्या शेजारी अंगठा. मोठ्या माणसाचा, आणि मधोमध तिरकी रेघ गेलेला. माती कापायच्या तारेनं तुझा अंगठा चिरला होता ना, तस्सा. फळीवरच्या एकूण एक वस्तूखाली तोच. आता तूच सांग, वाळलेल्या मातीत अंगठा दाबला तर ती तडकते. हे ठसे मऊ होते, कडेला माती वर आलेली, ओल्यात दाबल्यासारखे.

मी काही घाबरणाऱ्यातली नाही. कुणीतरी थट्टा करतंय असं धरून मी मातीचा गोळा हातात घेतला आणि सगळ्या शाळेचे अंगठे घेत फिरले. मुख्याध्यापिकाबाईंनी तर घरदार लिहून देत असल्यासारखा कचरत कचरत दिला. शिपाईमामांनी दोन्ही दिले, वर विचारलं, पगार वाढणार का? तिरकी रेघ कुणाच्याच अंगठ्यावर नव्हती. मग पुढच्या तासाच्या नव्या वस्तू मी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली. पुढच्या खेपेलाही ठसे होतेच. एका मुलीच्या घुबडाची मान तुटली होती (ती मुलगी वर्गात अवाक्षर बोलत नाही), तर ती मानही सांधलेली, आणि सांध्यावर तोच अंगठा, अगदी हलक्या हातानं फिरवलेला.

पोरं मात्र खूश. मी बटाटेवालीला बाजूला घेऊन विचारलं, "मोठ्या बाई येतात का गं इथे?" ती म्हणाली, "बाई नाही येत. नुसता हात येतो." आणि बेसिनकडे नाक पुसायला गेली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खोलीतच बसले. टळटळीत ऊन होतं, मैदानावर पोरं ओरडत होती. टेबलावर स्वच्छ पाण्याची वाटी भरून ठेवली आणि तिच्यावर नजर ठेवून बसले. खिडकी आपटली म्हणून लावायला उठले, परत वळून पाहते तर पाणी गढूळ, चिखलाची बोटं बुडवल्यासारखं. तुझं स्टूल हलत होतं. आखूड पाय टक टक वाजून थांबला. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आत्या, मी मूर्खासारखी जागच्या जागी ताठ उभी राहिले, तू वर्गात आल्यावर उभी राहायचे तशी.

मी हे कुणाला सांगणार नव्हते. पण आईचाच फोन आला, नेहमीसारखा फैलावर घेणारा. म्हणाली, तुला अंघोळ घालताना उजव्या हाताच्या नखांतून करडी माती निघाली, आणि मी ही घाण तुला चोरून पाठवते की काय? (आई, मी नाही. देवाशप्पथ.)

तर आता तक्रार. डॉक्टर म्हणतात, हा हात आत्ता हलवला नाही तर कायमचा गेला. आई रोज रबरी चेंडू पुढे करते आणि तू भिंतीकडे तोंड करून पडतेस. घरी हात उशीवर लोळण घेणार, चेंडू दाबायला सांगितला की मेल्याचं सोंग आणणार, आणि इकडे रजेवर असून पूर्ण वर्गाचं काम करणार, याला काय म्हणावं? माझ्या वर्गात ही लुडबुड चालायची नाही. त्याला परत बोलाव आणि घरी चेंडू दाबायला लाव. तू त्या हाताची आशा सोडली आहेस असं बाबा म्हणाले. त्यानं काही तुझी सोडलेली दिसत नाही.

घरात सगळ्यांना नमस्कार. पथ्य सांभाळ.

तुझी भाची
(तात्पुरत्या बाई)

ता. क. घाबरले नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. हल्ली मी दाराशी, चप्पल पायात ठेवून शिकवते.

ता. क. बाबा, यापुढचं मनातही वाचू नका. पत्र तिच्या हातात द्या. उजव्या.

ता. क. आत्या, तक्रारबिक्रार काही नाही. मीही मातीची एक वाटी केली होती, लहानपणी तुझ्यापाशी बसून करायचे तशी, आणि पोरांच्या वस्तूंबरोबर कपाटात ठेवली होती. बटाट्याला अंगठा मिळाला, मोडक्या घुबडाला मिळाला. माझ्या वाटीखाली काहीच नव्हतं. मी उलटसुलट करून कितीदा पाहिलं. रडू आलं गं. दुसरी केली आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहे, फडकं रोज भिजवते. या वेळी हात एकटा पाठवू नकोस.