काय वाटतं, याचा कच्चा मसुदा

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७.१०
आजपासून भावना. विचार पुरे झाला.
पार्श्वभूमी नोंदवतो. हिला कॉलेजने दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेचं प्रिन्सिपॉलपद देऊ केलंय. पाच वर्षं. रेल्वेने अकरा तास. होकार-नकार चोवीस तारखेला कळवायचा. काल जेवताना हिने विचारलं, अहो, मी गेले तर तुम्हाला काय वाटेल? मी म्हटलं, विचार करून सांगतो. यात चूक काय? ही ताट उचलून उभी राहिली. म्हणाली, सव्वीस वर्षं विचारच चाललाय, एकदा नुसतं वाटू द्या की. कारणं नकोत, पुरवणी नको, एक वाक्य हवंय. ते मिळालं तर मी इथून हलत नाही.
एक वाक्य. तीन आठवडे. पंपांच्या कारखान्यात तक्रार विभागाचा प्रमुख आहे मी. याहून अवघड कामं याहून कमी वेळात उरकलीत.

५ फेब्रुवारी, बुधवार
समुपदेशक बाईंकडे गेलो. वयाने आमच्या मुलीएवढ्या. दोन खुर्च्या, एक कुंडी, टिश्यूचा डबा. डबा आधीच माझ्या बाजूला सरकवलेला. आगाऊपणा.
बाई म्हणाल्या, 'का' विचारायचं नाही. काय वाटतंय आणि शरीरात कुठे, एवढंच बघायचं. मी समजावलं, की आमच्याकडे पंप बंद पडला की पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं आणि तक्रार बंद होते. बाईंनी विचारलं, आणि पंपाला काय वाटतं? पंपाला काही वाटत नाही, मी म्हटलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुद्दा पटला असावा.

८ फेब्रुवारी, शनिवार
भावनांचा तक्ता आखला. वेळ, भावना, शरीरातलं ठिकाण, तीव्रता. 'का'चा रकाना ठेवलाच नाही. केवढी ही प्रगती! 'शेरा' मात्र ठेवलाय.
स. ८.०५. चीड. मान. सहा. शेरा: शेजाऱ्याची स्कूटर आडवी.
हिला तक्ता दाखवला. म्हणाली, रेघा अगदी सरळ आल्यात हो.
स. ९.३०. अभिमान. खांदे. चार.

११ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळी
मेहुणी आली होती. तोंडाचा पट्टा सुरू. मी आतल्या खोलीत डोळे मिटून 'नुसतं बसण्याचा' सराव करत होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं. ताई, भाओजींना काही वाटायला लागेपर्यंत तुझी पेन्शन सुरू होईल, जा बिनधास्त. ही म्हणाली, मला जायचंच नाहीये गं. कुणीतरी थांब म्हणावं, एवढंच.
'कुणीतरी' हा शब्द मोघम आहे. स्पष्टीकरण मागवावं.

१६ फेब्रुवारी, रविवार
मसुदा क्र. सात: 'तू गेलीस तर, इतर गोष्टी आहेत तशाच राहिल्यास, मला बहुधा वाईट वाटेल.'
बाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी 'मला वाईट वाटेल' तेवढं ठेवलं, बाकी खोडायला सांगितलं. या बाईंना कामातलं काही कळत नाही. अट काढली की वाक्य उघडं पडतं. उद्या वाईट नाही वाटलं, तर जबाबदार कोण?
आठवा मसुदा हाती घेतला. अजून आठवडा आहे. घाई नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १
अनपेक्षित घटना.
सकाळी कपाट उघडलं. माझ्या औषधांच्या डब्यांवर हिने पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात. ठळक अक्षरात 'सकाळी', 'जेवणानंतर', 'ही चुकवायची नाही'. चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी अक्षरं. मी वाचत उभा राहिलो आणि रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. तक्ता बाहेर टेबलावर, त्यामुळे तीव्रता नोंदवायची राहिली.
ही आली. काही विचारलं नाही. पाठीवर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाली, नाही जात मी. सोमवारी तसं कळवून टाकते. आणि तीही रडली. मेहुणीला फोन करून म्हणाली, दगडाला पाझर फुटला बाई.
एकूण आठवडा उत्तम. मसुद्याची गरजच पडली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
रात्री झोप नाही. बायको आयुष्याचा निर्णय घेतेय, आणि तोही अश्रूंची तपासणी न होता? हे गैर आहे. पहाटे उठून तपासणी केली. का रडलो? अक्षरं पाहून. का? मोठी होती. का? मला बारीक दिसत नाही. का? नजर अधू झाली. का? वय झालं. मूळ कारण: वय. बायकोच्या जाण्याशी थेट संबंध आढळला नाही.
चहाच्या वेळी हिला वाचून दाखवलं. नातं प्रामाणिकपणावर उभं असतं. हिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. वाचलं. मग विचारलं, म्हणजे माझ्यासाठी नव्हतं? मी म्हटलं, तसं नाही म्हणता येणार, पुरावा अपुरा आहे, एवढंच.
हिने उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला आणि कप विसळला. शांतपणे घेतलंन. समजूतदार आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
हिने होकार कळवला. जातेय.
का? विचारलं. चारदाच. पाचव्यांदा विचारायला गेलो तर ही बाथरूममध्ये आणि नळ सोडलेला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
दोन सुटकेसा, एक खोकं. स्टेशनवर मेहुणी होती, माझ्याशी बोलली नाही. गाडी सुटायला सहा मिनिटं असताना आठवा मसुदा खिशातून काढला. ही म्हणाली, राहू द्या आता. औषधं वेळेवर घ्या.

२ मार्च, रविवार, दुपारी ४
हिला मेसेज पाठवला: 'मला वाईट वाटतंय.' अट नाही, कारण नाही, पुरवणी नाही.
४.२०. वाचलाय.
४.५५. उत्तर आलं. नुसता अंगठा.
७.१०. तक्ता केला. अंगठ्याचे चार अर्थ निघतात. चौथ्यात ती परत येते.