चिऊच्या गळ्यातलं दुखणं

आमगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा वेणीवरून रडारड. थोरली समीक्षा अकरावीसाठी नागपूरच्या होस्टेलला गेली, तेव्हापासून चिऊ मला केसांना हात लावू देत नाही. आज तर तिनं कंगवाच फेकला. सहा वर्षांचं लेकरू, ओरडून काय होणार? जवळ घेतलं.

"माझा राग आला का?"

"नाही."

"मग काय होऊन राहिलं?"

तिनं गळ्यावर हात ठेवला. "इथं दुखते. ताई वेणी घालत होती ना."

"याले आठवण म्हणतात, बेटा. मलेही येते."

"तुले पण?" ती बघतच राहिली. तिच्यासमोर मी कधी रडलेच नाही, तिला कसं कळणार?

मग समीक्षाला स्पीकरवर फोन लावला. "मजेत आहे, अभ्यास आहे," म्हणून तिनं लगेच ठेवला.

"आई, ताईचाही गळा दुखून राहिला, म्हणून ठेवला तिनं," चिऊ म्हणाली. "परत लाव."

लावला. या वेळी चिऊनंच विचारलं, "ताई, आमची आठवण येऊन राहिली का?"

मग समीक्षा म्हणाली, "खूप." त्यानंतर तिला फोन ठेवावासाच वाटेना. मलाही.